बारावा अहवाल

१

भाचीच्या एका पायात काळी चप्पल होती आणि दुसऱ्या पायात तपकिरी. शनिवारी सकाळी आठ वाजता ती दारात उभी राहिली, तेव्हा मी आधी तिच्या पायांकडे पाहिलं आणि मग तोंडाकडे. काहीतरी मोठं बिनसलंय हे पायांनीच सांगून टाकलं होतं.

"मावशी, रंगवाल्यांची फाईल गेली."

"गेली म्हणजे?"

"गेली म्हणजे नाही. कुठेच नाही. सोमवारी अकराला न्यायाधीश मॅडमना हवी आहे. नाही सापडली तर मी निलंबित, आणि वर पोलिसांत तक्रार. सगळे म्हणतायत मीच ती कुणाला तरी दिली."

मी तिला आत नेलं, पाणी दिलं, खुर्चीत बसवलं. घरी आम्ही तिला बबडी म्हणतो. सत्तावीस वर्षांची झाली तरी बबडीच. मी कोर्टाच्या देखरेख विभागात एकतीस वर्षं रेकॉर्ड सांभाळलं. दोन वर्षांपूर्वी मी निवृत्त झाले आणि परीक्षा देऊन त्याच खुर्चीवर ती आली. ज्यांना शिक्षा झाली, पण तुरुंगात न धाडता काही अटींवर बाहेर ठेवलं, अशांच्या फायली त्या विभागात असतात. अट मोडली की थांबवून ठेवलेली शिक्षा लागू होते.

रंगवाले म्हणजे नदीकाठचा रंगाचा कारखाना. तीन वर्षांपूर्वी कारखान्याचं निळंजांभळं पाणी नदीत सोडल्याबद्दल कोर्टानं दोषी ठरवलं ते मालकाला नाही, मॅनेजरलाही नाही, खुद्द कंपनीला. शिक्षा होती फाटक बंद करण्याची. पण आत दोनशे माणसं कामाला. म्हणून न्यायाधीशबाईंनी शिक्षा थांबवली आणि अट घातली: तीन वर्षं, दर तीन महिन्यांनी, नदीत सोडलेल्या पाण्याचा तपासणी अहवाल कोर्टात द्यायचा. एकूण बारा. एक जरी चुकला किंवा एकातही घाण निघाली, तर फाटक बंद.

ती फाईल मीच उघडली होती. आमचा फॉर्म माणसांसाठी केलेला. त्यात गुन्हेगाराचं वय, वडिलांचं नाव, ओळखीची खूण. सगळा विभाग माझ्याभोवती गोळा झाला होता. "लिहा, लिहा, कंपनीचा बाप कोण ते लिहा," म्हणून हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. मी वयापुढे एकोणतीस वर्षं लिहिलं, वडिलांच्या जागी संस्थापकाचं नाव, आणि ओळखीची खूण म्हणून 'निळं फाटक'. मग ती कंपनी एका सायकलचोराच्या आणि शेजाऱ्याचं नाक फोडणाऱ्या गृहस्थाच्या मधोमध रॅकवर जाऊन बसली. आमच्याकडे ती माणूसच होती.

"बारावा अहवाल आला होता का?" मी विचारलं.

"गुरुवारी आला. मी स्वतः बाइंडरकाकांच्या ट्रेमध्ये ठेवली फाईल. आणि काका म्हणतात, आलीच नाही."

बाइंडरकाका कोर्टात फायली शिवतात, पण आमच्या घरच्यासारखेच. सहा वर्षांपूर्वी माझी आई गेली, तेव्हा तीन दिवस ते आमच्या ओसरीवर बसून होते. उठून जेवायलाही गेले नव्हते. त्या माणसानं उभ्या जन्मात खोटं सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं.

आणि माझी बबडीही खोटं बोलत नव्हती.

२

दोन वर्षांनी त्या खोलीत पाऊल टाकलं, आणि शाईच्या पॅडचा तो वास आला. पाय आपोआप खिडकीजवळच्या टेबलाकडे वळले. मग आठवलं, ते आता आपलं नाही.

हेडक्लार्क भिंतीवरच्या घड्याळाखाली उभे होते. त्यांना आम्ही घड्याळबाबू म्हणायचो, कारण बोलताना ते समोरच्याकडे न बघता घड्याळाकडे बघत.

"या बाई. मॅडमनीच सांगितलं, जुन्या बाईंना बोलवा म्हणून." मग आवाज जरा चढला. "एकतीस वर्षांत तुमच्या हातून चिटोरं हरवलं नाही. भाचीनं दोन वर्षांत अख्खी फाईल घालवली."

"घालवली की गेली, ते बघू."

"बघितलं सगळं! चौदा रॅक, चार कपाटं. पंख्यावर शिडी लावली. जिन्याखालचं ते भंगार कपाटसुद्धा उघडलं कालच्याला. लाल फितीची एक फाईल नाही तिथं. काय राहिलं मग? माझे खिसे?"

"ते बघितले का?" बबडी पुटपुटली. मी तिला डोळ्यांनी गप्प केलं.

मग गुरुवारचा दिवस मी तासातासानं विचारून घेतला. अकरा वाजता कारखान्याचा केमिस्ट बारावा अहवाल घेऊन खिडकीवर आला. शिक्का बसला, आवक रजिस्टरात नोंद झाली. तीन वाजता कंपनीचे वकील फाईल पाहायला आले, रीतसर अर्ज करून. कोपऱ्यातल्या टेबलावर साडेचारपर्यंत वाचत बसले. फाईल परत केली, बबडीनं सही घेतली. मग तिनं ती बाइंडरकाकांच्या ट्रेमध्ये ठेवली. नवा अहवाल आला की काका तो त्याच संध्याकाळी फाईलला शिवतात, आणि फाईल स्वतः जागेवर नेऊन ठेवतात. चाळीस वर्षांचा शिरस्ता.

"शुक्रवारी दहाला मॅडमनी मागितली," घड्याळबाबू म्हणाले, "तर ना ट्रेमध्ये, ना रॅकवर. काका सांगतात, ट्रेमध्ये आलीच नाही. आता तुम्हीच सांगा, चाळीस वर्षांचा माणूस खोटं बोलेल की दोन वर्षांची पोर? वकिलाच्या हातातून थेट पिशवीत गेली असेल, आणि हिनं सही ठोकली असेल."

"मी?" बबडीचा आवाज फाटला. "मी कशाला?"

"ते पोलीस विचारतील."

मी आवक रजिस्टर उघडलं. गुरुवारच्या पानावर रंगवाल्यांच्या नावापुढे एकच नोंद होती: अहवाल, बारावा. त्याआधी तीन महिन्यांपूर्वीची नोंद, अहवाल अकरावा. मधे काही नाही. मी ती दोन्ही पानं नीट लक्षात ठेवली. का ठेवली, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

३

वकीलसाहेब कोर्टाच्या कँटीनमध्ये सापडले. गोल चेहरा, हसतमुख. माणूस वाईट वाटत नव्हता, तेच अवघड होतं.

"बसा, बसा! तुमच्या हातची टिपणं वाचलीत मी. काय अक्षर!" त्यांनी खुर्ची पुढे केली. "फाईलचं ऐकलं. वाईट झालं. पण खरं सांगू? सापडो न सापडो, आमचं काही बिघडत नाही."

"ते कसं?"

"ज्याला शिक्षा झाली होती, तो आता जगातच नाही." ते चमच्यानं चहा ढवळत राहिले. "गेल्या महिन्यात कंपनी एका मोठ्या कंपनीत विलीन झाली. कायद्यानं जुनी कंपनी संपली. दाखला आहे तसा. मग अहवाल द्यायचा कुणी, मेलेल्यानं? फाटक बंद करायचं कुणाचं? सोमवारी मी एवढंच विचारणार आहे."

"आणि हे कोर्टाला कळवलंत?"

"म्हणजे काय! कागद रेकॉर्डवर आहे की."

"कधी दिलात?"

त्यांचा चमचा थांबला. मग पुन्हा फिरायला लागला. "आता तारीख काही मला तोंडपाठ नाही हो, बाई."

मी चहा संपवला आणि उठले. कागद रेकॉर्डवर होता, आणि आवक रजिस्टरात त्याचा पत्ता नव्हता.

बाहेर अंगणातल्या बाकावर केमिस्ट बसला होता. पन्नाशीचा, सडपातळ. त्याची नखं निळसर. रंगात आयुष्य काढलेल्या माणसाची. माझ्या काळात पहिले चार अहवाल त्यानंच आणून दिले होते. प्रत्येक वेळी शिक्का नीट उमटला का, ते वाकून बघायचा.

"बाई, खरंच हरवली का?" त्यानं विचारलं. मी मान हलवल्यावर तो हातांकडे बघत म्हणाला, "बारावा चांगला नव्हता. गेला महिनाभर नवे मालक गाळणी धुवायलाच देत नाहीत. मला म्हणाले, अकरा चांगले लिहिलेत तसा बारावाही लिही. मी म्हटलं, अकरा चांगले नव्हते लिहिले, खरे लिहिले होते. मग बारावाही खरा लिहिला."

"प्रत आहे तुमच्याकडे?"

"शुक्रवारी सकाळी माझं टेबल रिकामं केलं त्यांनी. कपाट, कॉम्प्युटर, सगळं नेलं. माझी सही असलेली प्रत एकच आहे. तुमच्याकडची." मग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "त्या नदीवर मी पोहायला शिकलो, बाई."

मी परत चालू लागले. आता सगळं एका बाजूला झुकत होतं. फाईल नाहीशी व्हावी असं वाटायला कंपनीकडे भक्कम कारण होतं, वकील फाईलजवळ दीड तास बसले होते, आणि त्यांच्या हातातून ती घेणारी शेवटची व्यक्ती माझी भाची होती. घड्याळबाबूंच्या जागी मी असते, तर मीही तिच्यावरच बोट ठेवलं असतं.

४

बाइंडरकाकांची खोली मागच्या बाजूला. सुया, मेणाचा दोरा, खळीचा डबा, आणि खिडकीतून येणारं दुपारचं ऊन. काहीही बदललं नव्हतं. थोरले साहेब, आमचे पहिले रेकॉर्डकीपर, याच खोलीत आम्हा दोघांना उभं करून फीत बांधायला शिकवायचे. काका विशीतले, मी नुकतीच लागलेली. "एका हातानं ओढली की सुटली पाहिजे, आणि आपणहून कधी सुटता कामा नये," साहेब म्हणायचे. माझी गाठ दहादा सोडायला लावली होती त्यांनी. काकांची पहिल्याच फटक्यात जमली, आणि ते महिनाभर मला चिडवत होते.

"या बाई! खुर्ची पुसून ठेवलीय तुमची," काका म्हणाले. त्यांना बघून खरंच बरं वाटलं. केस पांढरेशुभ्र, हात मात्र तसेच. "आईंचे गुडघे काय म्हणतात?"

मी नुसती हसले. रोज सकाळी प्रार्थनेच्या शेवटी मी देवाला एक शब्द देते, आज खोटं बोलणार नाही. तीस वर्षं झाली. त्यामुळे पुष्कळदा गप्पच राहावं लागतं.

"काका, गुरुवारी रंगवाल्यांची फाईल ट्रेमध्ये होती का हो?"

"नव्हती." ते ठामपणे म्हणाले. "पोर म्हणते ठेवली. मला तिच्यावर आळ घ्यायचा नाही, पण नव्हती. असती तर मी शिवली असती. फाईल तिच्या जागी ठेवल्याशिवाय मी कधी घरी गेलोय?"

"कधीच नाही."

"मग!"

त्यांच्या टेबलावर फितीची दोन रिळं होती. लालचं अर्ध्यावर आलेलं, नेहमीच्या वापरातलं. दुसरं पांढरं. त्याच्या कडांवर धूळ बसली होती, दोन-तीन वर्षांची तरी. पण फितीचं टोक स्वच्छ, कात्रीनं नुकतंच तिरपं कापलेलं.

"पंधरा दिवस उरले माझे," काका सुईत दोरा ओवत म्हणाले. एका झटक्यात ओवला. "मग तुमच्यासारखा मी घरी. थोरले साहेब परवा म्हणत होते, जाताना तुझी सुई घेऊन जा म्हणून."

ऊन टेबलावरून सरकून त्यांच्या हातांवर आलं होतं.

"बरं, आईंचे गुडघे काय म्हणतात?" त्यांनी पुन्हा विचारलं, अगदी पहिल्यांदा विचारल्यासारखं.

तेव्हा काकांचं काय झालंय ते कळलं. आणि फाईल कुठे आहे, तेही मला कळलं.

५

"जिन्याखालच्या कपाटाची किल्ली घे," मी बबडीला म्हटलं.

"ते बघितलंय, मावशी."

"बघितलंत. पण तुम्ही लाल फीत शोधत होतात."

कपाट उघडलं. आत तीन फळ्यांवर जुन्या फायली, सगळ्यांची तोंडं भिंतीकडे. एकीचंही नाव दिसत नव्हतं. प्रत्येकीवर पांढऱ्या फितीची गाठ.

"हे काय आहे?"

"गेलेली माणसं," मी म्हटलं. "देखरेखीखालचं कुणी वारल्याचा दाखला आला, की त्याच दिवशी लाल फीत सोडायची, पांढरी बांधायची, आणि नाव भिंतीकडे करून इथं ठेवायचं. थोरल्या साहेबांची पद्धत. ते म्हणायचे, शिक्षा माणसाला झाली होती, त्याच्या नावाला नाही. तो गेला, आता नावाला झोपू दे."

"तुझ्या वहीत हे नाहीये."

"नाहीये." हा माझा दोष होता आणि तो मला कबूल करायचाच होता. निवृत्त होताना मी तिच्यासाठी सगळी कामं एका वहीत लिहून दिली होती. गेलेल्यांचं पान तेवढं राहिलं. ते लिहायला बसले त्याच आठवड्यात थोरले साहेब गेले. मी वही मिटली, ती पुन्हा त्या पानावर उघडलीच नाही. त्यानंतरच्या दोन वर्षांत देखरेखीखालचं कुणी वारलं नाही, त्यामुळे कुणाला काही अडलं नाही.

"पण मावशी, कंपनी कशी मरेल?"

"वकीलसाहेबांना विचार. तेच म्हणाले ना, ज्याला शिक्षा झाली तो जगात नाही? ते म्हणाले, तसा दाखला रेकॉर्डवर आहे. आवक रजिस्टरात मात्र तो नाही. म्हणजे खिडकीवरून आलाच नाही. मग फाईलमध्ये गेला कधी? गुरुवारी तीन ते साडेचार, कोपऱ्यातल्या टेबलावर. गुपचूप सरकवला, आधीपासून तिथंच होता असं सोमवारी म्हणता यावं म्हणून. सगळ्यात वर ठेवला. मग फाईल तू ट्रेमध्ये ठेवलीस. काका शिवायला घेताना वरचा कागद नेहमी वाचतात. त्यावर काय लिहिलं होतं? अमुक नावाची कंपनी अमुक तारखेपासून अस्तित्वात नाही. आपल्या रॅकवर ती सायकलचोराच्या शेजारी बसायची, बबडे. तिला वय होतं, बाप होता. काकांच्या लेखी ती वारली."

बोलता बोलता मी फायली एकेक वळवत होते. बाकी सगळ्यांवर बोटभर धूळ. तिसऱ्या फळीवर, उजवीकडे, एकीवर धूळ नव्हती.

निळं पुठ्ठ्याचं कव्हर. पांढरी फीत. तीच गाठ.

बबडीनं तोंडावर हात घेतला. मी एका हातानं टोक ओढलं आणि गाठ सुटली. वर दाखला, त्यावर खिडकीचा शिक्का नाही. खाली बारावा अहवाल, तीन टाक्यांनी असा सरळ शिवलेला, की बघत राहावं. आणि कव्हरच्या आत काकांच्या अक्षरात एक चिठ्ठी डकवलेली.

"मग काका खोटं का बोलले?" बबडीचा राग आता उसळून आला होता. "माझी नोकरी जायची वेळ आली, आणि ते मजेत सांगतात फाईल आलीच नाही!"

"ते खोटं बोलले नाहीत. त्यांनी मला आज दोनदा विचारलं, आईंचे गुडघे काय म्हणतात."

तिचा चेहरा हळूहळू उतरला. आजी गेली तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. ओसरीवर बसलेले काका तिनंही पाहिले होते.

"त्यांच्या हातांना सगळं आठवतं," मी म्हटलं. "दाखला आला, पांढरी फीत बांधली, कपाटात ठेवली, घरी गेले. काय केलं ते सकाळपर्यंत पुसलं गेलं. थोरले साहेबही परवा त्यांच्याशी बोलून गेलेत."

ती कपाटाला टेकली. मग नाक पुसत म्हणाली, "हे सांगितलं तर मी सुटते."

"हो."

"आणि त्यांचे पंधरा दिवस राहिलेत."

"हो."

"मग सांगायचं कसं?"

मी चिठ्ठी वाचायला घेतली. वाचली, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचली.

६

रविवारी मी काकांच्या घरी गेले. काकूंनी दार उघडलं आणि मी काही बोलायच्या आधीच म्हणाल्या, "कळलं ना तुम्हालाही?" स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्याला फितीनं चिठ्ठी बांधलेली होती: साखर, मीठ, औषध सकाळचं. काकूंनी सहा महिने कुणाला कळू दिलं नव्हतं. "नोकरी संपेपर्यंत निभावलं असतं," एवढंच म्हणाल्या. मी त्यांचा हात धरून सगळं सांगितलं, आणि सोमवारी मी काय करणार तेही. त्या रडल्या, पण नको म्हणाल्या नाहीत.

सोमवारी साडेदहाला मी न्यायाधीशबाईंच्या खोलीत फाईल घेऊन गेले. काहीही न लपवता सगळं सांगितलं. माझं राहिलेलं पानसुद्धा. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"तुमची भाची निर्दोष आहे हे मी भर कोर्टात सांगेन," त्या म्हणाल्या. "फाईल कुठे होती, तेही विचारीन. त्या गृहस्थांची तब्येत हा माझ्यापुढचा खटला नाही. पण आजपासून त्यांच्यासोबत कुणीतरी बसेल, आणि पंधराव्या दिवशी ते मानानं घरी जातील."

अकरा वाजता कोर्ट भरलं. बबडी भिंतीला टेकून उभी होती, आज दोन्ही चपला सारख्या. केमिस्ट शेवटच्या बाकावर.

"फाईल सापडली आहे," न्यायाधीशबाईंनी सांगितलं. "कुठे होती, बाई?"

"कार्यालयाच्या नियमाप्रमाणे ठेवली होती," मी म्हटलं. "मयत गुन्हेगारांच्या कपाटात. वरती कंपनी अस्तित्वात नसल्याचा दाखला होता, म्हणून."

कोर्टात हसू पसरलं. वकीलसाहेब सगळ्यांत आधी हसले, पण मग एकदम थांबले. त्यांच्या लक्षात आलं असावं.

"वकीलसाहेब, हा दाखला तुमचाच ना? यावर शिक्का का नाही?"

"ते... कार्यालयाकडून राहिलं असेल, मॅडम."

"आवक रजिस्टरात नोंदही राहिली? गुरुवारी तीनपर्यंत फाईलमध्ये तो नव्हता, असं रेकॉर्डकीपर म्हणतात. तीननंतर फाईल तुमच्या हातात होती. ही सगळी धावपळ त्या एका कागदानं झाली. त्याबद्दल तुमचं लेखी म्हणणं चार दिवसांत द्या."

वकिलांनी रुमाल काढला. पण ते कच्चे नव्हते. "देईन, मॅडम. पण कागदातली गोष्ट तर खरीच आहे. दोषी ठरलेली कंपनी आता नाही. तुमच्या कार्यालयानंच तिला मयत मानलंय! मग बारावा अहवाल कुणाचा, आणि शिक्षा कुणाला?"

घड्याळबाबूंनी घड्याळाकडे बघितलं.

"कव्हरच्या आत एक चिठ्ठी आहे," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "बाई, ही कशासाठी असते?"

"थोरल्या साहेबांचा नियम होता," मी म्हटलं. "गेलेल्या माणसाची अट पुरी व्हायची राहिली असेल, तर वारसाचं नाव लिहिल्याशिवाय पांढरी फीत बांधायची नाही. ते म्हणायचे, ज्याला घर मिळतं, त्याला घराची गळतीही मिळते."

न्यायाधीशबाईंनी चिठ्ठी वाचली. काकांचं ते गोल, ठसठशीत अक्षर. त्यांनी दाखला शेवटच्या ओळीपर्यंत वाचला होता आणि तिथून वारस उतरवून घेतला होता: नव्या कंपनीचं पूर्ण नाव, नोंदणीचा पत्ता, आणि खाली दाखल्यातलंच वाक्य, की जुन्या कंपनीची सर्व मालमत्ता, सर्व हक्क आणि सर्व जबाबदाऱ्या हिच्याकडे आल्या आहेत. अट बाकी: अहवाल, बारावा.

"तुमच्याच कागदातलं आहे, वकीलसाहेब," त्या म्हणाल्या. "वारस आहे. त्याला आजच समन्स काढते. बारावा अहवाल आलेला आहे आणि तो वाईट आहे. फाटक लगेच बंद करणार नाही, आत दोनशे माणसं आहेत. पण महिन्यात गाळण्या सुरू झाल्या नाहीत, तर शिक्षा लागू होईल. आणि अहवाल आणखी एक वर्ष चालू राहतील, दर महिन्याला. तपासणी याच केमिस्टनी करायची. त्यांना कामावरून काढलं, तर तोही अटीचा भंग धरीन."

शेवटच्या बाकावर निळ्या नखांचा हात चेहऱ्यावर गेला.

मग बाईंनी बबडीकडे बघून मोठ्यानं सांगितलं की रेकॉर्डकीपरनं आपलं काम चोख केलं होतं. घड्याळबाबू पहिल्यांदाच घड्याळ सोडून एका माणसाकडे बघत म्हणाले, "चुकलो, पोरी."

७

दुपारी मी आणि बबडी फाईल घेऊन काकांच्या खोलीत गेलो. मी कोरी वहीही नेली होती.

काकांनी फाईल हातात घेतली, पांढरी गाठ अंगठ्यानं चाचपली. "कुणी बांधली ही? सुरेख आहे. आता अशी कुणी बांधत नाही."

"तुमच्याच हाताची आहे, काका," बबडी म्हणाली. शनिवारचा राग तिच्या आवाजात औषधालाही नव्हता.

"माझ्या?" ते हसले. "असेल बाबा."

"ही परत जिवंत करायची आहे," मी म्हटलं. "कधी केलंय का असं?"

"कधीच नाही. गेलेला परत आलाय कधी?" त्यांनी पांढरी फीत सोडली, घडी करून खिशात ठेवली आणि लाल बांधली. बबडी त्यांच्या बोटांकडे बघत होती. मग तिनं फाईल ओढून घेतली, गाठ सोडली आणि स्वतः बांधून बघितली. आपणहून सुटली. काका इतके खूश झाले, की त्यांनी तिला दहादा सोडायला लावली.

"काका," मी वही उघडली, "गेलेल्यांचं पान माझं लिहायचं राहिलंय. सांगता?"

आणि त्यांनी सांगितलं. एकही पायरी न चुकता, एक शब्द न विसरता, जणू थोरले साहेब शेजारी उभे राहून म्हणून घेत होते. दाखला कसा तपासायचा, फीत किती कापायची, नाव कुठल्या बाजूला करायचं, वारस कुठे लिहायचा. माझा पेन त्यांच्यामागे धावत होता. पान भरलं तेव्हा ऊन पुन्हा त्यांच्या हातांवर आलं होतं.

मी वही मिटली. काका माझ्याकडे वळले, डोळ्यांत तीच जुनी आपुलकी.

"बाकी विचारायचंच राहिलं. आईंचे गुडघे काय म्हणतात?"

बबडीनं माझ्याकडे पाहिलं. आज मला गप्प बसावं लागलं नाही.

"आता अजिबात दुखत नाहीत, काका," मी म्हटलं.

"वा," ते म्हणाले, "वा, बरं झालं," आणि सुईत दोरा ओवायला लागले.